एक घर चुकून

चालत होता. हे आधी सांगून ठेवतो.
घरघरत, धापा टाकत, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा,
पण चालत होता.
एदेलमिरा म्हणालीसुद्धा,
नोल्बेर्तो, चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस.

मी एकतीस वर्षं खाणीतले ट्रक उघडले आहेत.
एकेक चाक माझ्या दुप्पट उंचीचं.
पहाटेच्या गारठ्यात शिव्या देऊन सुरू केलेत.
आणि हा तर पावाच्या भट्टीएवढा डबा.

कालामात पाऊस पडत नाही, धूळ पडते.
खाणीकडून येते. मऊ, तांबूस.
साखरेत असते, उशीच्या अभ्र्यात असते,
आणि डब्याचं झाकण काढलं तर आत
अख्खा लामा अंग चोरून बसलेला.
ब्रशने काढला, फुंकून काढला,
कान कोरायच्या काडीने पंख्याचं पातं न् पातं पुसलं.
रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या.
वायरी सोडवल्या, परत लावल्या, जिथल्या तिथे.
झाकण बसवलं. एक स्क्रू उरला.
तो खिशात टाकला.

बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं, जरा हळू,
झोपलेल्याला हाक मारतात तसं.

मग दिवा लावून पाहिला त्याच प्लगवर. लागला.
किटलीची वायर काढून याला लावली. छे.
मागे एक छोटा स्विच असतो, त्याच्या एका टोकाला शून्य, दुसऱ्याला रेघ.
रेघेवर केला. शून्यावर केला. परत रेघेवर.
रॅम काढली, बसवली, टक् असा आवाज येईपर्यंत.
नाण्याएवढा सेल काढून शंभर आकडे मोजले.
अठ्ठ्याण्णवला चुकलो, पुन्हा मोजले.

इथली हवा इतकी कोरडी
की बायकोला हात लावला तरी ठिणगी उडते,
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी.
आधी नळाला हात लावायचा, मग आत घालायचा,
हे मला रात्री दोन वाजता आठवलं,
अंगात लोकरी स्वेटर असताना.

सकाळी नऊला पाणी समितीचा हिशोब द्यायचा आहे.
एकशे सतरा घरं. कोणी भरले, कोणी थकवले,
कोणाचा मुलगा आजारी म्हणून तिने पुढच्या महिन्यावर ढकलले,
सगळं आत. तिच्या हातचं.

ती आली. शाल गुंडाळलेली.
"मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही.
ते म्हणाली असती तर बरं झालं असतं.
शिवणाचा चष्मा लावला, टॉर्च माझ्या हातात दिला.
इथे धर. इथे म्हणजे इथे.
कोपऱ्यात नऊ पिना, बाहुल्यांच्या घराच्या कुंपणासारख्या.
बटणाची वायर कुठे होती?
तिथेच.
तिथेच म्हणजे कुठे?
मी बोट दाखवलं. माझ्या त्या बोटाला टोक नाही,
ते अठ्ठ्याण्णव साली पट्ट्यात राहिलं,
त्यामुळे मी नेमकं काही दाखवू शकत नाही.

एक घर चुकलं होतं. एकच.
तिने भुवयांच्या चिमट्याने वायर उचलली,
श्वास धरून डावीकडे सरकवली,
आणि बटण स्वतःच दाबलं, मला न विचारता.

पंखा थरथरला,
विचार केल्यासारखा थांबला,
मग फिरला.
हिरवा दिवा लागला. मी खुर्चीत बसलो.
ती मात्र कान देऊन उभीच.
आवाज कुठे गेला याचा?
गेला. धुळीचा होता तो.
सात वर्षं मी त्या घरघरीवर हिशोब करते, ती म्हणाली,
आता एकटीला बसायचं म्हणजे.

मग बसली. मी चहा ठेवला,
वायर परत किटलीला लावून.
साडेचार वाजले होते. खिडकीच्या फटीतून वारा,
टेबलावर पहिला तांबूस थर.
मधेच तिने विचारलं, सगळे स्क्रू लावलेस ना?
मी म्हणालो, साखर किती घालू?